दोन फेरे हातानं

अजिंक्या, गाडीची किल्ली खिशात टाक आणि बस जरा. घाई कसली? सानिका, तू पण ये गो, चुलीकडे सरक.

"भुताची हाय ना तात्या? नायतर मी झोपते."

भुताची आहे. पण मी ती सहसा सांगत नाही. भीतीमुळे नाही. लाज वाटते म्हणून.

अलोऱ्याला माझं पंक्चरचं दुकान होतं आणि शेजारीच विठूचं गॅरेज. कार्तिकातली गोष्ट. गोदूबाई टेम्पोतून एक जुनी मोटारसायकल घेऊन आली. तिच्या मुलाची, हर्षदची. तीन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात तो ट्रकखाली गेला, तेव्हापासून गाडी पडवीत गोणपाटाखाली होती. आता धाकटी मृणाली घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती. तिला रोज त्याच चढानं जायचं होतं.

"विठूभाऊ, दुसऱ्या कोणाच्या हातात देनार नाय मी," गोदूबाई म्हणाली. "त्याची गाडी तुमीच करत व्हतात. तुमच्याच हातानं करा."

विठूनं मान हलवली. तिच्याकडे बघितलं नाही.

त्याचं कारण सांगतो. इंजिनात खाली मॅग्नेट असतं, वर दात्यांचं एक चक्र आणि दोघांना जोडणारी साखळी. इंजिन परत जोडताना मॅग्नेटची खूण खाचेसमोर आणायची, चक्राचा ठिपका वरच्या खुणेसमोर आणायचा, मग साखळी चढवायची. पण तेवढ्यावर भागत नाही. पाना लावून दोन फेरे हातानं फिरवायचे. खुणा परत जागेवर आल्या, तरच किक मारायची. विठू हे कधी चुकायचा नाही.

एकदाच चुकला. शिमग्याचे दिवस होते. हर्षदचं इंजिन बाकावर आणि विठूच्या दारात पालखी यायची वेळ. मीच दुकानातून ओरडलो, "विठू, पालखी वळणावर आली रे! टाक आटपून!" त्यानं फेरे दिले नाहीत. इंजिन चढवलं, किक मारली. गाडी चालू झाली, पण आवाज बसका. विठूच्या कानाला ते कळलं. 'उद्या परत आण' हे शब्द ओठापर्यंत आले होते, असं त्यानं नंतर मला सांगितलं. पण हर्षद हसत निघाला.

"काका, पालखीला माझा पन नमस्कार सांगा."

त्या रात्री चढावर गाडी तापली आणि बंद पडली. जुनी गाडी ती, तिची लाईट इंजिनावर चालायची. इंजिन बंद की पुढचा दिवा बंद, मागचा पण बंद. अंधारात पोरगा गाडी ढकलत होता...

ट्रकवाला म्हणाला, लाईट नव्हती, दिसलाच नाही. मग गावानं ठरवून टाकलं, पोरगा शिमग्याची पिऊन, दिवा बंद करून मस्ती करत होता. पारावर बसून असं बोलणाऱ्यांत मीही होतो. गोदूबाईच्या कानावर ते गेलं. ती रडायची, पण त्या रडण्यात राग असायचा. विठूनं तिरडीला खांदा दिला आणि गप्प राहिला.

देवदिवाळीच्या आदल्या रात्री, अमावास्येला, विठू ते इंजिन घेऊन बसला. साडेअकरा झाले होते. शटर आतून ओढलेलं. गाडीचा सांगाडा कोपऱ्यात उभा. त्यानं वरचं झाकण उघडलं. ठिपका एक दाता खाली होता. तीन वर्षं तसाच.

त्यानं नवी साखळी घेतली, खुणा जुळवल्या आणि दोन फेरे दिले.

ठिपका एक दाता खाली.

पुन्हा काढली. पुन्हा जुळवली. दोन फेरे.

एक दाता खाली.

तिसऱ्यांदा त्यानं चष्मा पुसला, हात धुतले, देवाचं नाव घेतलं. एक दाता खाली.

मग करंट गेला.

विठू काळोखात बसून राहिला. हात मांडीवर. पाना मॅग्नेटवरच होता. आणि तो फिरला... हळू. कोणी सांभाळून फिरवावा तसा. प्लगच्या भोकातून हवा आली. फुस्स. माणसानं श्वास सोडावा तशी.

एक फेरा.

थांबला.

दुसरा.

आणि कोपऱ्यात उजेड झाला. पिवळा, मंद. सांगाड्याच्या दिव्यातून. तो थेट बाकावर पडला. ठिपक्यावर. त्या एका दात्यावर.

विठूनं हात जोडले. मग म्हणाला, "हर्षद... माजी चूक रे."

काही नाही. उजेड तसाच.

"तुज्या आवशीला सांगू? गोदूबाईला?"

फुस्स...

उजेड गेला.

पहाटे त्यानं माझं दार वाजवलं. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "एकट्याच्यानं होनार नाय. तू चल." आम्ही दोघे गोदूबाईच्या दारापुढच्या खळ्यात उभे राहिलो. विठूनं मान खाली घालून सांगितलं, दात्यापासून ट्रकपर्यंत. मग पालखीचं मी सांगितलं. पारावर काय बोललो तेही.

ती पायरीवर टेकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे लाईट त्यानं बंद केली नव्हती?"

"नाय."

"प्यायला पन नव्हता?"

"नाय गो. चांगला हसत गेला."

"तीन वर्सं मी माज्या पोराला शिव्या घालतेय, विठूभाऊ."

पदर तोंडाला लावून ती आत गेली. आम्हाला जा म्हणाली नाही, बसाही म्हणाली नाही. परत आली तेव्हा मृणालीला हाक मारली. "ह्यांच्यासंगती जा. गाडी पुरी करून घे. दोन फेरे देतात का नाय, ते डोळ्यांनी बघ."

नऊ वाजता विठूनं कुलूप काढून शटर वर केलं. आत गारवा होता. त्यानं साखळी चढवली. मृणाली वाकून बघत होती. दोन फेरे हातानं. ठिपका जागेवर.

विठू तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी दुसरीकडे बघत राहिलो.

मृणालीनं पिशवीतून एक पुडी काढून माझ्यापुढे धरली. "तात्या, हा बसवा. विठूकाकांनी जुना गंजलेला काढून टाकला व्हता ना, म्हणून काल चिपळूणसून आणला."

दिव्याचा बल्ब होता तो.

मी दिवा उघडला. आत होल्डर रिकामा. त्याला वायर पण जोडलेली नव्हती. काच धरायला हात लावला...

आणि झटकन मागे घेतला. काच गरम होती.