टोकाकडची तार

त्या दिवशी पाऊस आला नसता तर मी त्याच्या खोलीत कधीच शिरले नसते. आणि शिरले नसते तर बरं झालं असतं, असं पुढचे चार दिवस मी रोज दहा वेळा स्वतःला म्हणत होते.

उपांत्यपूर्व सामना, दुसरा सेट, मी पुढे... आणि धो धो पाऊस. खेळ थांबला. लॉकर रूमच्या दाराशी बाबा उभे होते. बाबा म्हणजे माझे प्रशिक्षकही. ते चिडले की आवाज चढवत नाहीत, उलट एकदम शांत बोलतात, आणि त्या दिवशी फारच शांत बोलत होते. म्हणून मी ‘टॉवेल आणते’ म्हणत सटकले. स्टँडखालच्या बोळात जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात घुसले आणि ते लावून घेतलं.

“इथे खेळाडूंना यायला परवानगी नाही,” आतून आवाज आला.

यंत्राला जखडलेली एक रॅकेट, भिंतीवर तारांची भेंडोळी, आणि चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस. रॅकेटला तारा भरणारा. आम्ही सगळे त्याला गटिंगवाला म्हणायचो. माझ्या रॅकेट गेली दोन वर्षं इथे त्याच्याकडेच जायच्या, पण ताई नेऊन द्यायची. मी त्याला पाहिलंच नव्हतं.

“मग मी खेळाडू नाही असं समजा.”

“कसं समजू? तुमचं पोस्टर तुमच्या पाठीमागेच आहे.”

मी वळले. दारावर मीच होते, दात विचकून हसणारी. खाली मोठ्या अक्षरांत माझं कर्तृत्व – या कोर्टाची चार वेळा विजेती. सलग एकसष्ट आठवडे पहिला क्रमांक. दुहेरीत तीन कप. यंदा पाचव्यांदा जिंकले तर इथे असं करणारी पहिलीच बाई. वय मात्र लिहिलं नव्हतं. बत्तीस. पोस्टरवाले तेवढे दयाळू असतात.

तो परत यंत्राकडे वळला. माझीच रॅकेट होती. तुटलेली तार त्याने चिमटीत धरली आणि मान वर न करताच विचारलं, “उजवा खांदा ना?”

आठ महिने मी ही गोष्ट सगळ्यांपासून लपवली होती. बाबांपासूनसुद्धा. ताईला सांगितलं होतं की मान अवघडते.

“कोण म्हणालं तुम्हाला?”

“कोणी नाही. सगळ्यांची तार मधे झिजते. गेल्या वर्षापर्यंत तुमचीही मधेच झिजायची. यंदा टोकाकडे तुटतेय. म्हणजे सर्व्हिस करताना हात पूर्ण वर जात नाही. रॅकेट खाली राहते, चेंडू टोकाला लागतो.” मग जरा घाबरून म्हणाला, “चुकलो असेन तर... सॉरी.”

चुकला कुठे होता मेला! अगदी बरोबर होता.

“कुणाला सांगितलंत?”

“मी गटिंग करतो,” तो म्हणाला, “चुगल्या नाही.”

पण माझी नजर त्याच्यामागच्या फळीवर गेली. तिथे ओळीने इतर मुलींच्या रॅकेट टांगलेल्या होत्या, आणि त्यांत चिमणीच्याही. एकोणीस वर्षांची ती पोर उड्या मारत खेळायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. फायनलला तीच येणार हे दिसतच होतं. तिला नुसतं कळायचा अवकाश! प्रत्येक चेंडू माझ्या खांद्यावरून उंच उडवला की माझा खेळ खलास. पाचवा कप गेलाच म्हणून समजा. आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक, तो तिच्याही रॅकेट विणत बसणार.

पाऊस थांबला. मी तो सामना जिंकले, पण कशी ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी रॅकेट द्यायला मी स्वतःच गेले. म्हटलं, लक्ष ठेवलेलं बरं.

“पहारा द्यायला आलात?” त्याने विचारलं.

“हो. हरकत?”

“नाही... बसून द्या ना.” आणि त्याने स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. खोलीत ते एकच होतं. मग तो तासभर उभ्यानेच काम करत राहिला. त्याच्या बोटांना जागोजागी चिकटपट्टी होती. चष्मा घसरला की तो मनगटाने वर ढकलायचा, आणि त्या निमित्ताने चोरून माझ्याकडे बघायचा. मला दिसायचं. मी तसं दाखवत नव्हते एवढंच.

“तार पंचावन्न पौंडांच्या ताणावरच ओढू का?” तो म्हणाला. “त्रेपन्न केलं तर खांद्याला झटका कमी बसेल.”

“अकरा वर्षं पंचावन्न आहे. बाबांनी ठरवलंय.”

“खांदा बाबांचा आहे का?”

मला हसू फुटलं. कित्येक दिवसांत मी सामन्याच्या तोंडावर हसले नव्हते.

“करा त्रेपन्न,” मी म्हणाले. “पण बाबांना कळलं तर तुमचं काही खरं नाही.”

“माझं तसंही काही खरं नाही,” तो पुटपुटला आणि कान लाल करून तार ओढू लागला.

संध्याकाळी ताईने मला आरशासमोर पकडलं. “काय गं, गटिंगवाल्याकडे जायला केस कधीपासून विंचरायला लागलीस?”

“काहीतरीच काय!”

“काहीतरी नाही, बरंच काही दिसतंय.”

तिला काय सांगणार? की माझा जीव जडतोय, आणि त्याच माणसाच्या हातात माझी मान आहे! तिसऱ्या दिवशी उपांत्य सामनाही जिंकले. त्रेपन्न पौंडांनी खांदा खरंच कमी ठणकला. मी त्याला ते सांगायला धावत गेले... आणि दारातच थबकले. चिमणीचा प्रशिक्षक आतून बाहेर येत होता. हसत. जाता जाता त्याने आमच्या गटिंगवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

“काय म्हणत होता तो?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे?”

“तो त्यांच्या रॅकेटबद्दल बोलला. त्यांचं मी तुम्हाला सांगत नाही. तुमचं त्यांना सांगत नाही.” त्याने चष्मा काढला. “विश्वास ठेवा ना...”

“ठेवला असता,” मी म्हणाले, “पण उद्या फायनल आहे.”

त्याचा चेहरा एवढासा झाला. मी तशीच निघाले. स्वतःचा राग आला होता, त्याचा आला होता, आणि भीती तर वाटतच होती. झोपेचं पार खोबरं झालं.

फायनलमध्ये पहिला चेंडू सुटला आणि मी श्वास रोखून धरला. आता उडवेल उंच... नाही. चिमणी सगळं खाली, कोपऱ्यात मारत होती. एक गेम झाला, चार झाले. तिला काहीही माहीत नव्हतं! त्याने सांगितलं नव्हतं. मला तिथे कोर्टावर रडू यायला लागलं, आनंदाचं आणि लाजेचं. मी पहिला सेट घेतला. दुसरा तिने घेतला. तिसऱ्यात तिच्या लाडक्या रॅकेटची तार तुटली. रॅकेट खाली त्याच्याकडे पाठवली गेली आणि ती दुसरीने खेळू लागली. तिचे चेंडू जाळीत जायला लागले. मी चार विरुद्ध एक अशी पुढे गेले. आणखी दोनच गेम, आणि कप माझा.

तेवढ्यात तिची रॅकेट परत आली, तार भरून.

मग ती पोर अशी काही खेळली की मीसुद्धा मनात वा म्हणाले. माझा खांदा संपला होता. तिसरा सेट मी पाच-सातने हरले.

लॉकर रूममध्ये बाबा अतिशय शांत आवाजात म्हणाले, “तुझा तो गटिंगवाला... पाच मिनिटं हात सावकाश चालवला असता, तर आज पाचवा कप घरात होता.”

“बाबा, माझा खांदा गेलाय,” मी म्हणाले. “आठ महिने झाले.”

बाबांनी माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. “मला का नाही सांगितलंस गं?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच शांत नव्हता.

बाहेर पत्रकारांनी विचारलं की चार कप, एकसष्ट आठवडे, आता पुढे काय? मी त्यांनाही खांद्याचं सांगून टाकलं. लपवायला काही उरलं नाही तेव्हा केवढं हलकं वाटलं! आणि मी सरळ स्टँडखालच्या बोळात गेले.

तो खोलीत नुसता उभा होता. मला बघून त्याने मान खाली घातली.

“रागवायला आलात ना?”

“किती मिनिटं लागली तिची रॅकेट भरायला?”

“अकरा.”

“एरवी?”

“वीस.” तो चाचरला. “सामना चालू असताना आली की घाईच करावी लागते. तुमची आली असती तरी अकराच... पण मी आधी इथला टीव्ही बंद केला.”

“का?”

“स्कोअर दिसला असता तर... हात सावकाश चालला असता माझा. स्वतःचाच भरवसा वाटेना.” त्याने बोटाची चिकटपट्टी कुरतडली. “तुम्ही जिंकावं असं वाटत होतं मला. फार. इतकं की... मला ते शोभत नाही.”

चार दिवस मी या माणसाला घाबरत होते! आणि तो टीव्ही बंद करून मला हरवत होता.

“सावकाश केलं असतंस ना,” मी म्हणाले, “तर मी कप घेऊन गेले असते आणि कळल्यावर तुझं तोंडही पाहिलं नसतं.”

“आणि आता?”

“आता ऑपरेशन. सहा महिने रॅकेट धरायची नाही. मला वेड लागेल. येशील भेटायला?”

“मला गटिंगशिवाय काही येत नाही हो.”

“मला टेनिसशिवाय कुठे येतं? आणि ते ‘अहो’ पुरे आता.”

तो हसला. चष्मा घसरला, तो वर ढकलायचंही विसरला. मी हात पुढे केला. त्याने माझ्या खांद्याकडे बघितलं, जरा विचार केला, आणि उजवा दुखेल म्हणून डावा हात धरला.

तसा उजवाही चालला असता.