दोन अक्षरांचं नाव

“ताई, तू यात पडू नकोस! मूल माझं आहे... तुला काय कळणार त्यातलं?”

भावाच्या तोंडून शब्द निसटले आणि ताईच्या हातातलं झबलं हातातच राहिलं. आईवेगळ्या आठ वर्षांच्या या भावाला जिने शिवणयंत्रावर पाय झिजवून वाढवलं, तिला आज हे ऐकावं लागावं!

वाद तसा साधाच होता. त्यांचं आडनाव चांगलं आठ अक्षरी; शाळेत हजेरी घेताना बाई मध्येच श्वास घ्यायच्या आणि मुलं भावाला ‘मालगाडी’ म्हणून चिडवायची. आता लेकीच्या जन्मनोंदणीचा अर्ज आजच द्यायचा होता आणि भाऊ आईचंच पाच अक्षरी नाव ठेवायचं म्हणून हटून बसला होता. शाळेच्या गणवेशांवर दोऱ्याने नावं भरण्यात जन्म गेलेली ताई इतकंच म्हणाली होती, “अरे, एवढं सगळं खिशावर मावणार कसं?”

ती झबलं ठेवून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग बाळाला घेऊन भावजय आली.

“ताई, त्यांचं मनावर घेऊ नका हो. तुमच्या मनात आहे का एखादं नाव?”

बावीस वर्षं काळजाच्या तळाशी जपलेलं दोन अक्षरांचं नाव ताईने हळूच उच्चारलं. भावजयीने ते त्या लांबलचक आडनावापुढे जोडून म्हणून पाहिलं. किती सहज, किती गोड!

“कसं सुचलं हो तुम्हाला?”

“माझं लग्न ठरलं होतं पूर्वी, एका मास्तरांशी... मुलगी झाली तर हेच, असं दोघांनी ठरवलं होतं. मग आई गेली; वडील तर आधीच नव्हते. ह्या एवढ्याशा भावाला टाकून कशी जाणार होते मी?”

दारात भाऊ उभा होता, पांढराफटक पडलेला.

“पण ताई... नकार त्यांनी दिला असं तू सांगितलं होतंस!”

“लहान होतास रे. उगाच जिवाला लावून घेतलं असतंस.”

तो तिच्या पायांशी मटकन बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “मी काय बोलून गेलो गं तुला!”

“ऊठ वेड्या, कचेरी बंद होईल.”

“आधी सांग... ते नाव देशील आमच्या लेकीला?”

ताईने बाळाला छातीशी धरलं, पदराने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या नावाने कुणाला तरी हाक मारली.