घाटातला तीन नंबर

श्रावणातली झड तिसऱ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हती. शहाणी माणसं घरात भजी तळत बसली होती. आणि जळगावहून तीन सायकली चोपड्याच्या रस्त्याला लागल्या होत्या! त्याला तसंच कारण होतं. आठ दिवसांवर सहाशे किलोमीटरची जोडी-स्पर्धा आली होती. दोघांनी मिळून निघायचं आणि चाळीस तासांत दोघांनी मिळूनच पोचायचं. एक थांबला की दुसराही बाद. गेल्या वर्षी पावसाने निम्मे गडी वाटेतच गळाले होते. म्हणून यंदा तयारी करायची ती पावसातच, असं भूपेंद्रभाऊंनी फर्मान काढलं.

भूपेंद्रभाऊ बँकेत मॅनेजर. पन्नाशी आली तरी पोट सुटलेलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान! त्यांना जोडीदार हवा होता एक आणि उमेदवार होते दोन. धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा स्वप्नील हा पंचविशीचा गडी, त्याचं तोंड पायांपेक्षा जोरात चालायचं. दुसरी हेमांगी, धरणगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी तिने हीच स्पर्धा अर्ध्यात सोडली होती. यंदा एकदा जाऊन ये, मग पुरे, असं घरच्यांशी बोलणं झालं होतं. म्हणजे ही शेवटची संधी. बोरमाळीचा घाट चढून-उतरून परत आल्यावर जो ताजा दिसेल त्याचं नाव संध्याकाळी जाणार होतं, आणि ते आपलंच असावं म्हणून हेमांगीचा जीव तुटत होता.

तापीचा पूल ओलांडला तेव्हा खाली गढूळ पाणी गुपचूप वाहत होतं. पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, फाटक्या पानांतून निथळणारं पाणी, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. रेनकोटची टोपी कानापर्यंत ओढलेली, ओल्या डांबरावर मान वळवली की चाक घसरायची भीती. त्यामुळे मागे न बघता सगळे आहेत ना हे कळावं म्हणून भाऊंनी जुनी पद्धत ठेवली होती. दर वळणाला ते पुढून ओरडायचे, "एक!" मधली हेमांगी म्हणायची, "दोन!" आणि शेवटून स्वप्नील तान घेतल्यासारखा लांबवायचा, "तीऽऽन!" त्याच्या मागच्या चाकाचं मडगार्ड सैल होतं. ते खडखडायचं, आणि त्या खडखडाटाने हेमांगी सकाळपासून वैतागली होती.

घाटाच्या पायथ्याशी अभिमन आबांची चहाची टपरी होती. आबांनी तिघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही बठ्ठा येडा व्हई गयात का? घाटमा ढग उतरेल शे. काही दखास नही."

"म्हणून तर आलो, आबा," भाऊ हसले.

"मंग एक आयका. वर नाव लिसन हाक मारू नका. ढगमा कोन आयकस, काय सांगता येस?"

"आम्ही नावं घेतच नाही, आबा! आमचे नंबर आहेत," स्वप्नील म्हणाला आणि त्याने चहाचा पेला पालथा घातला. आबा हसले नाहीत.

घाट सुरू झाला. पहिल्या दोन वळणांतच पायथ्याचा रस्ता दिसेनासा झाला. ढग झाडांतून खाली सरकत होते, सागाची ओली खोडं अचानक पुढ्यात उभी राहायची आणि मागे विरून जायची. पक्ष्यांचा आवाज नाही, बेडकांचा नाही. दुपारचे तीन वाजले असतील, पण उजेड दिवेलागणीचा होता. एका ठिकाणी ओढा रस्त्यावरून वाहत होता. तिघांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि एकमेकांचे दंड धरून पार केला. पाणी गुडघ्याला लागत होतं, आणि बर्फासारखं गार!

"ताई, घाबरल्या का?" स्वप्नीलने विचारलं.

"तुझ्या मडगार्डला घाबरले," हेमांगी म्हणाली.

पुन्हा चढ लागला. गिअर हलका, श्वास जड. पुढे भाऊंचा लाल दिवा कधी दिसे, कधी नाही.

"एक!"

"दोन!"

"तीऽऽन!"

कठड्याशी दरड कोसळलेलं एक वळण आलं. चाकं चिखलात रुतली, हेमांगी कशीबशी तोल सावरून पुढे निसटली. वळणापलीकडे भाऊंची हाक आली.

"एक!"

"दोन!"

"तीन."

हेमांगीच्या मानेवर काटा आला. का, ते तिला लगेच कळेना. आकडा बरोबर होता, आला वेळेवर होता. पण त्यात तान नव्हती. आणि एवढ्या चढावर, जिथे तिला एक शब्द बोलताना धाप लागत होती, तिथे तो आवाज जराही धापत नव्हता. थंड, सपाट, गादीवर बसून बोलल्यासारखा.

दमला असेल, तिने स्वतःला समजावलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. "तीन." आता तिने कान दिला. आवाज होता, पण मडगार्डचा खडखडाट नव्हता! सकाळपासून डोकं उठवणारा तो खडखडाट कधी थांबला, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने जीव मुठीत धरून मान वळवली. मागे पांढरा ढग. स्वप्नीलच्या सायकलचा दिवा कुठेही नव्हता.

थांबायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. पण हेमांगीचे पाय फिरत राहिले. स्वप्नील मागे पडला, तिच्या मनात आलं, मागे पडला असेल तर नाव आपलंच! आणि भाऊंना तर तीन आकडे ऐकू येताहेत, मग आपण कशाला बोलायचं? हा विचार तिला आवडला नाही, पण तिने तो झटकलाही नाही. अजून एक वळण गेलं. "एक!" "दोन!" "तीन." आवाज मघापेक्षा जवळ आला होता. मग आणखी एक वळण. आता तो तिच्या मागच्या चाकाशी होता, आणि रस्त्यावर चाक फक्त तिचंच वाजत होतं.

आणि मग भाऊंनी काहीही न पुकारता, तिने काहीही न म्हणता, तिच्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "तीन."

हेमांगीने करकचून ब्रेक दाबले. सायकल आडवी झाली. ती गुडघ्यावर पडली, उठली.

"भाऊ! थांबा! हा स्वप्नील नाही!"

पुढचा लाल दिवा थांबला. भाऊ ढगातून पायी मागे आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले. समोर पांढरं, मागे पांढरं.

"तीन," कठड्यापाशी आवाज आला.

"तीन," वर सागाच्या रांगेतून आला.

आकडा काय, कोणीही म्हणू शकतं, हेमांगीला वाटलं. आकडा कोणाचाच नसतो. टपरीवर आबांनी बजावलेलं तिला आठवलं, पण आता भीतीपेक्षा लाज मोठी झाली होती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "स्वप्नीऽऽल! ए स्वप्नील चौधरी!"

सगळं चिडीचूप झालं. तो आवाज तोडल्यासारखा थांबला. आणि घाटाच्या खालच्या वळणांवरून, बरोबर त्यांच्या पायाखालून, कोणीतरी कण्हलं.

दोघांनी सायकली वळवल्या. उतार, चिखल, ब्रेक लागेनात! हेमांगी पाय घासत, घसरत खाली आली. तेच ते दरड कोसळलेलं वळण. कठड्याचा तुकडा गायब होता. खाली, दोन पुरुष उंचीइतकं खोल, घाणेरीच्या झुडपात स्वप्नील सायकलसकट अडकला होता. त्याच्या अंगावरून ओढ्याचं पाणी वाहत होतं. पाणी वाढत होतं. हनुवटीपर्यंत आलं होतं!

"ट्यूब काढा! सगळ्या!" हेमांगी ओरडली.

जवळच्या सगळ्या जादा ट्यूब त्यांनी एकमेकींना गाठी मारून जोडल्या. एक टोक सागाच्या बुंध्याला. दुसरं हेमांगीच्या कमरेला. ती उतरली. माती सुटली. ती लोंबकळली! रबर ताणलं, ताणलं, पण तुटलं नाही. ती पाण्यात पोचली. स्वप्नीलचे डोळे उघडे होते, ओठ निळे. त्याचा बूट पायडलात अडकला होता आणि पाय भलत्याच दिशेला वळला होता. तिने पाण्यात बुडी मारली. हात चाचपडले. बुटाचा पट्टा हाताला लागला. ओढला. निघेना! पुन्हा बुडी. दातांनी धरून ओढला. सुटला!

"ओढा, भाऊ!"

एकट्या भाऊंना दोघं ओढवेनात. तेवढ्यात वरून आणखी दोन हात आले. घाटातल्या पाड्यावरचा खाज्या, हेमांगीने नाव घेऊन मारलेली आरोळी ऐकून, धावत आला होता, आणि मागे त्याची बायको चमेलीबाई कुऱ्हाड घेऊन. एक, दोन, तीन हिसके, आणि स्वप्नील रस्त्यावर आला. श्वास चालू होता.

खाज्याच्या झोपडीत चमेलीबाईने चूल पेटवली आणि घोंगडी दिली. खाज्या वरच्या पाड्यावरची पिकअप आणायला निघाला. दारात थबकून तो म्हणाला, "आमले बी आयकू उना तो आवाज. आमी समजनूत, तुमना माणूस शे." चमेलीबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो तसाच बाहेर पडला.

चुलीजवळ दात वाजत असताना स्वप्नीलने पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताई, पडलो तशी वाचाच बसली. तुम्ही वर मोजत होत्या, मला सगळं ऐकू येत होतं." तो थांबला. "माझा नंबर कोण घेत होतं?"

चमेलीबाईने चुलीत लाकूड सारलं.

चोपड्याच्या दवाखान्यात पायाला प्लॅस्टर चढलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण जिवाचा धोका टळला होता. बाहेरच्या बाकावर भाऊ आणि हेमांगी ओल्या कपड्यांनी बसले होते. भाऊंनी फोन काढला.

"नाव आज पाठवायचंय. तुझंच पाठवतो. आज तू जे केलंस..."

"नका पाठवू," हेमांगी म्हणाली. "तो स्वप्नील नाही, हे मला आधीच कळलं होतं. दरडीच्या वळणावरच. तरी मी पायडल मारत राहिले, भाऊ. मला तुमच्याबरोबर जायचं होतं म्हणून."

भाऊंनी फोनचा पडदा बंद केला. मग त्यांनी तो खिशात टाकला.

"मलाही कळलं होतं," ते म्हणाले. "त्याच वळणावर. आपला वेग चांगला चालला होता. मोडवेना."

हेमांगीला त्यांचा राग यायला हवा होता. तिला रडू आलं. भाऊही डोळे पुसत उठले आणि दोघं आत गेले.

स्वप्नील उशाला टेकून पडला होता. "बोला, कोणाचं नाव गेलं?" त्याने हसून विचारलं.

"कोणाचंच नाही," भाऊ म्हणाले. "यंदा आपल्याकडून कोणी जात नाही. बस जरा. नाही, पडून राहा. तुला काही सांगायचंय."

त्यांनी सांगितलं, आधी हेमांगीने, मग भाऊंनी. काही गाळलं नाही.

"किती वळणं, ताई?" सगळं झाल्यावर त्याने विचारलं.

"चार," हेमांगी म्हणाली.

स्वप्नीलने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर झड चालूच होती.

"पाचव्याला वळल्या ना," तो शेवटी म्हणाला; पण तिच्याकडे त्याने बघितलं नाही.