चौदा नंबरची कडू गोळी

"पहिले चार दिवस गोळी कडूजहर होती. आता आठ दिवस पिठासारखी लागतेय. बदललीत का, बाई?" चौदाव्या खाटेवरचा कंडक्टर धापा टाकत म्हणाला.

औषधभांडाराच्या बाई थबकल्या. सकाळपासून त्या खुशीत होत्या. संधिवाताने बोटं आखडलेली आई आठवडाभर ब्लाउजची बटणं स्वतः लावत होती.

वॉर्डात छातीच्या साथीच्या तापावर संधिवाताची जुनी गोळी लागू पडते का, याची चाचणी चालली होती. निम्म्या बाटल्यांत खरी गोळी, निम्म्यांत पिठाची, दिसायला जुळ्या. कोणाला कुठली, ते बंद पाकिटात. रंग जुळवला होता, चव जुळवायची राहिली होती.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. चौदाला खरी गोळी लिहिली होती.

"गोळ्या बदलणारा माणूस शोधा," ते म्हणाले. "नाहीतर सगळ्यांचे श्वास फुकट गेले."

चौदाच्या बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, तर संख्या बरोबर निघाली. म्हणजे अदलाबदल. मग पिठाच्या आल्या कुठून? बरा होऊन घरी गेलेल्या नवव्या रुग्णाची अर्धी उरलेली बाटली वॉर्डाच्या कपाटात ठेवली होती. बाईंनी उघडली. रिकामी.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक डॉक्टरांकडे, दुसरी वॉर्डाच्या सिस्टरकडे. सिस्टर म्हणजे बाईंची धाकटी बहीण.

"आईची गोळी महिनाभर दुकानात नाही. ती तापावर चालेल अशी बातमी आली आणि लोकांनी दुकानं धुऊन नेली. मग तिची बोटं सुटली कशी?"

"हवा बदलली, ताई."

"हवेला एवढी अक्कल असती तर आपल्याला पगार कोणी दिला असता?"

धाकटी हसायला गेली आणि स्टुलावर बसली.

डॉक्टरांसमोर बाई खाली बघत बोलल्या. "खरी बाटली ओळखायला ती चव माहीत हवी. आईला गोळी गिळवत नाही. आम्ही दोघी चुरून देतो, बोट चाटतो. किल्ली हिच्याकडे. हिने चौदाच्या गोळ्या आईला नेल्या, नऊच्या त्यात भरल्या."

"त्यांना गुण येईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं," धाकटी पुटपुटली. "आईला येत होता."

"ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर विचारत होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद ओढला आणि सिस्टरचं नाव लिहिलं.

"माझंही लिहा," बाई म्हणाल्या. "बटणं लागताना मी रोज बघत होते. बरं वाटत होतं, म्हणून विचारलं नाही."

मग दोघी चौदाव्या खाटेशी गेल्या. काय झालंय ते कंडक्टरला माहीत नव्हतं. त्यांना टेकता यावं म्हणून त्याने धापा टाकत पाय आखडून घेतले.