समासातला ठिपका

माझी दुसरी बायको मी अक्षर बघून केली. हसू नका, खरंच सांगतोय. लोक रूप बघतात, घराणं बघतात. मी शाळेच्या फळ्यावर तिनं लिहिलेली सूचना बघितली आणि म्हटलं, हीच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि घरी येऊन स्वतःची कादंबरी लिहायची, असं एकवीस वर्षं चाललेलं. माझा कच्चा मजकूर बायकोनं सुवाच्य उतरवून काढायचा, हा आमच्या घरातला शिरस्ता.

पहिलीही उतरवायची. तिला एक खोड होती. कादंबरी माझ्याच आयुष्यावर होती, आणि मी जिथे खोटं लिहिलेलं असेल तिथे ती समासात पेन्सिलीनं ठिपका द्यायची. मोहरीएवढा. बोलायची काही नाही. एकदा आमच्या संसाराचं प्रकरण तिनं उतरवलं, तर सगळ्या समासावर नुसतं पुरळ उठलेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या हातातली पेन्सिल घेऊन मोडली आणि म्हणालो, "तुझं काम उतरवायचं. तपासायचं नाही." त्या दिवसापासून मी घरात पेन्सिल ठेवू दिली नाही. वर्षभरात ती आजारी पडली आणि इस्पितळातच गेली. मी तेव्हा छापखान्यात रेल्वेचं वेळापत्रक तपासत होतो. निरोप दुपारी दोनला आला. मी हातातलं पान पुरं करून मग उठलो.

कादंबरीत मात्र लिहिलं: 'शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता.'

दुसरीनं ते पान उतरवून आणलं. त्या ओळीपुढे ठिपका होता.

"हा काय चावटपणा?" मी विचारलं.

"कसला?"

"हा ठिपका."

तिनं चष्मा लावून बघितलं. "मी नाही दिला. आणि घरात पेन्सिल आहे कुठे?"

मी ओल्या बोटानं तो पुसला. चहा पिऊन आलो, तर ठिपका जागच्या जागी.

भुताखेतांच्या गोष्टींना मी हसत आलोय. म्हटलं, बघू या. कोऱ्या कागदावर दोन वाक्यं लिहिली. 'या खुर्चीला चार पाय आहेत.' खाली, 'या खुर्चीला पाच पाय आहेत.' कागद टेबलावर ठेवून गॅलरीत जाऊन आलो. पाच पायांपुढे ठिपका होता. मी वाकून खुर्चीचे पाय पुन्हा मोजले. आणि मग, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला.

कारण संपादकांनी कादंबरी दोनदा परत केलेली. "सगळं गोड गोड आहे हो," ते म्हणाले होते. "यात तुम्ही अगदी देवमाणूस! खरं लिहा, नाहीतर आमचा नाद सोडा. आता ही शेवटची खेप." माझी उमेद, माझी दोन्ही लग्नं त्या बाडात गेलेली. ते छापून आलं नाही तर मी कोण होतो? एक मुद्रितशोधक, बस्स.

मग ठिपका येईल ते वाक्य मी खोडायला लागलो. हातातला हात गेला, तिथे वेळापत्रक आलं. ठिपका नाही. पानं झडत गेली, आणि जे उरलं ते, आईशप्पथ, चांगलं होतं. अर्धी कादंबरी वाचून संपादकांचा फोन आला. "अहो, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

एकदा उतरवता उतरवता बायको म्हणाली, "एवढ्या पानांत मी कुठे आहे?"

"शेवटच्या प्रकरणात."

"बायको केलीत की कारकून, तेवढं तरी खरं लिहा," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली.

शेवटच्या प्रकरणात ती आली. 'तिला माझा राग येत नाही.' ठिपका. खोडलं; ते मलाही पटलं. 'ती माझ्याबरोबर सुखात आहे.' ठिपका. खोडलं. मग 'ती काम करताना गुणगुणते.' पुन्हा ठिपका. इथे मी थबकलो. त्याच सकाळी मी तिचं गुणगुणणं ऐकलं होतं. पण तोवर ठिपका एकदाही चुकला नव्हता. खोडलं.

संध्याकाळी जाणवलं, घर फारच गप्प आहे.

"आज गुणगुणत नाहीस?"

"मी?" ती गोंधळून बघत राहिली. "मी कधी गुणगुणते?"

दुसऱ्या दिवशी 'ती मोठ्यानं हसते' या वाक्यापुढे ठिपका आला. तेही खोडलं. तिचं अक्षर पानागणिक फिकं होत चाललं. मी शाई बदलून दिली, तरी फिकंच.

"मला बरं वाटत नाहीये हो," ती म्हणाली. "आज राहू दे ना."

"एकच पान राहिलंय. मग हवं तेवढं झोप."

तिनं ते उतरवलं, माझ्यापुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. संपादक स्वतः पाचला येणार होते. पावणेपाच झाले होते. कादंबरीचं शेवटचं वाक्य असं होतं: 'मी हे लिहितोय आणि ती आत भांडी घासतेय.'

समासात ठिपका होता.

आतून नळाचा आवाज येत होता. भांड्यावर भांडं आपटत होतं. मी कान देऊन ऐकलं. ती घासत होती, यात शंकाच नाही. उठून बघावं असं वाटलं. दहा पावलं. पण ठिपक्याचं पान द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

मी ओळ खोडली.

नळ थांबला.

"अगं," मी हाक मारली.

पुन्हा मारली.

मग गेलो. भांडी फळीवर रचलेली होती. ओटा कोरडा होता. मागच्या दाराला आतून कडी होती.

मी धावत टेबलाशी आलो. मला ती हवी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुस्तक नको होतं, ती हवी होती. ठिपका यावा म्हणून खोडलेल्या ओळीखाली मी लिहिलं, 'आत कोणी नाही.' गॅलरीत जाऊन शंभर आकडे मोजले. परत आलो.

दारावरची घंटा वाजली.

मी पुन्हा गॅलरीत गेलो. पुन्हा शंभर मोजले, सावकाश.

समास कोरा होता.