निळं पाणी, पांढरं पाणी

"माझ्या भावाला सोडवा," नर्स दारातूनच म्हणाली. वॉर्डातून ती तशीच आली होती, कोट काढायचंही भान नव्हतं. "त्याने कुणाला मारलेलं नाही."

वहिनींनी खुर्ची पुढे केली. नवऱ्यामागे त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या: खासगी तपासाचं ऑफिस आणि धाकटा दीर. ऑफिस कामाचं निघालं. दीर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून सगळं गावही वहिनीच म्हणे.

"ती मुलगी माझ्याच वॉर्डात गेली," नर्स सांगू लागली. "पहिलीत होती. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गल्लीतले बाकीचे वाचले. तिचा बाप तडक माझ्या भावाच्या अंगावर धावून गेला. माझा भाऊ टाकीवरचा चावीवाला आहे. पोलीस म्हणतात, त्याने पाण्याची चावी उशिरा बंद केली."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो आता काहीच बोलत नाही. जेवतही नाही."

पोलीस ठाण्यातल्या कोठडीत चावीवाला गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बहिणीचं नाव काढल्यावर त्याने मान वर केली.

"त्या दिवशी पाऊस झोडपत होता," तो म्हणाला. "पावसाळी नाल्यातून निळं पाणी तलावात उतरताना दिसलं. रंगाच्या कारखान्याचं. तसाच धावत जाऊन पंप थांबवला, टाकीची मोठी चावीही फिरवली. सगळ्या गावाचं पाणी तोडलं. तलाव निवळला, टाकीतलं पाणी तपासलं, मग चावी उघडली."

"टाकीतलं पाणी तू प्यायलास?" वहिनींनी विचारलं.

"त्याचाच चहा केला. मला काय धाड भरली?"

इन्स्पेक्टर बाहेर भेटले. "वहिनी, पाणी तोडलं हे खरं. पण विष त्याआधीच पुढे गेलं होतं. टाकीवरून नळ खाली येतो तो आधी माळ्याच्या रोपवाटिकेला, मग उताराच्या गल्लीला. आजारी पडले ते सगळे तिथलेच. सरळ हिशेब आहे."

"सरळ हिशेबाचीच मला भीती वाटते," वहिनी म्हणाल्या.

कारखान्याच्या मालकाला सगळे रंगशेठ म्हणत. त्याने वहिनींना आणि दिराला खिडकीशी नेलं. खाली तलाव होता आणि नाल्याच्या तोंडाशीच मासे उड्या मारत होते.

"बघा! माझ्या पाण्याने मासासुद्धा मरत नाही, मग माणूस कसा मरेल?"

"म्हणजे पाणी तुमचंच होतं," वहिनी म्हणाल्या.

रंगशेठचं तोंड कडू झालं. "पावसात सगळेच सोडतात हो. वाहून जातं."

"साफ खोटारडा माणूस," बाहेर आल्यावर दीर म्हणाला. "यानेच मारलं पोरीला."

"भावोजी, मासे खोटं बोलतात का?"

दिराने उताराच्या गल्लीची वाट धरली. वहिनींनी प्रश्न विचारला की वाद घालू नये, एवढं तो शिकला होता.

उताराच्या गल्लीतली आजी खाटेवर उठून बसली. आवाज अजून खोल गेलेला होता. "पाणी निळं? छे! नळ गेला तेव्हा चांगलं स्वच्छ होतं गं बाई. परत आलं ते मात्र पांढरट, तांदूळ धुतल्यासारखं. म्हटलं, हवा असेल नळात. तोच तांब्या तोंडाला लावला आणि आडवी झाले."

"नळ जाण्याआधीच्या पाण्याने काही झालं?"

"सकाळपासून तेच पीत होते की मी!"

वहिनी थोडा वेळ तिच्या नळाकडे बघत राहिल्या. मग त्या चढावरच्या रोपवाटिकेकडे वळल्या.

माळी छपराखाली एकटाच काम करत होता. मेलेली मुलगी त्याचीच; घरही रोपवाटिकेतच. बायको माहेरी गेली होती. "हात रिकामे राहिले की डोकं फिरतं," तो म्हणाला आणि नळाला जोडलेला पाइप पिंपात सोडू लागला. पिंपात फवारणीचं औषध होतं. पाण्याची धार पडताच ते दुधासारखं पांढरं झालं. माळ्याने पाइप पार तळापर्यंत खुपसला.

"एवढा खाली कशाला?" दिराने विचारलं.

"वरून धार पडली की फेस येतो, साहेब. अर्धं औषध फेसातच जातं. आम्ही सगळे असंच भरतो."

रोपांची पानं चाळण झाली होती. वहिनींनी एक पान उलटलं, तर खाली हिरवी अळी मजेत चरत होती.

"औषध लागू पडत नाही वाटतं?"

"भेसळ, दुसरं काय! त्या दिवशी निम्मं पिंप भरलं आणि नळ गेला. पाणी आल्यावर उरलेलं भरून फवारलं. पण नुसतंच गढूळ पाणी, औषधात दम नाही. अळ्यांनाही काही झालं नाही." त्याने मूठभर पानं ओरबाडून फेकली. "माझी पोर मात्र गेली. त्या चावीवाल्याला फाशीच व्हायला हवी."

 परतीच्या वाटेवरच वहिनींनी दिराला चुना आणायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिकेत इन्स्पेक्टर, रंगशेठ, नर्स आणि माळी जमले. वहिनींनी धुतलेल्या पिंपात चुन्याचं पाणी कालवलं, नळाचा पाइप तळापर्यंत सोडला आणि नळ उघडा ठेवला. इन्स्पेक्टरांनी फोन करताच टाकीची चावी बंद झाली. खाली गल्लीत दीर घराघरांतून नळ उघडायला सांगत फिरत होता.

"चावीवाला खरं बोलला," वहिनी म्हणाल्या. "टाकीचं पाणी चांगलं होतं, कारण त्याच पाण्याचा चहा पिऊन तो ठणठणीत राहिला. नाल्याचं पाणी निळं होतं, पण त्यात मासे जगले. आजीच्या नळाला आलं ते पांढरं, आणि तेही चावी उघडल्यावर. म्हणजे विष चावी बंद असताना आत शिरलं, आणि टाकीच्या खाली शिरलं. नर्सताईंनी सांगितलेल्या बाहुल्या, लाळ... ती कीटकनाशकाची खूण आहे."

"पण बंद नळात विष घालणार कोण?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"कुणीच घातलं नाही. वरून पाणी थांबलं, खालचे लोक नळातलं पाणी घेत राहिले. नळ रिकामा होऊ लागला की तो वरच्या बाजूने ओढतो. जे हाताशी असेल ते ओढतो."

पिंपात गुडगुड झाली. पांढरं पाणी खाली खाली जाऊ लागलं. पिंपाच्या आतल्या अंगावर चुन्याची ओली रेघ तेवढी राहिली.

इन्स्पेक्टरांनी फोन करून टाकीची चावी पुन्हा उघडायला लावली. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. "वहिनी," पलीकडून दीर ओरडत होता, "आजीच्या नळाला चुन्याचं पाणी आलं!"

"औषधात भेसळ नव्हती," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "ते नळात गेलं आणि पिंपात नंतर नुसतं पाणी भरलं. पाणी परत आलं तेव्हा सगळ्यांत जास्त विष या घराच्या नळात होतं."

रंगशेठने सुस्कारा टाकला. "म्हणजे माझा संबंध नाही!"

"तुम्ही नाल्यात रंग सोडला नसतात, तर चावी बंदच करावी लागली नसती," वहिनी कडाडल्या. इन्स्पेक्टरांनी रंगशेठचा दंड धरला.

माळी अजून पिंपाकडेच बघत होता. मग तो मातीतच खाली बसला.

"नळ गेला तेव्हा ती पाणी मागत होती," तो नर्सला म्हणाला. "तिची आई म्हणाली, टाकीवरून घागर आणते. मीच म्हटलं, पाय कशाला मोडतेस, येईल आपल्याच नळाला. आलं तेव्हा पेला मीच भरून दिला."



"त्याला सोडा, साहेब," माळी म्हणाला. "आत्ताच्या आत्ता सोडा. काय लागेल ती सही देतो."

इन्स्पेक्टरांनी जीप वळवली. "चला ताई, तुमच्या भावाला घरी घेऊन जा."

नर्स दोन पावलं चालली आणि थांबली. माळ्याला घरात एकटं सोडून जाण्याचा धीर तिला होईना. ती परत आली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "त्याला सांगा, ताई जरा उशिरा येतेय."