निळ्या चौकटीवरचा डाग

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. ती तिघांनी डोळ्यांनी पाहिली, आणि त्या तिघांपैकी दोघं आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीत.

तिसरा घर विकायला बसला होता.

साल अठ्ठावन्न. वैशाख. रेवस बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळचं, मिठागरांच्या कडेचं गाव. वेळ रात्रीची नव्हे, भरदुपारची. भुतांना वेळेचं भान असतं म्हणतात. इथल्या भुताला तर बोटीचं वेळापत्रक पाठ होतं.

अनंता मुंबईला गिरणीत कारकून. बायको रंगू सातव्या महिन्यात. दोघं मेव्हण्याच्या खोलीबाहेर, चाळीच्या व्हरांड्यात, पडदा लावून झोपत. मूल व्हायच्या आत स्वतःची खोली घ्यायची तर गावचं घर विकणं भाग होतं. गिऱ्हाईक एकच, धर्माजी मिठागरवाला. तो सोमवारी येणार होता.

घराला नाव ठेवायला जागा नव्हती. एक डाग सोडला तर.

पुढच्या दाराच्या सागवानी चौकटीवर, डाव्या अंगाला, उभ्या बाईचं डोकं टेकेल तिथे तळहाताएवढा काळा, तेलकट डाग. तो अनंताच्या आईचा, बायजाचा. तिचा धाकटा मुलगा मोरू सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात मुंबईहून ज्या बोटीत बसला, ती रेवसला पोचली नाही. पुष्कळांची प्रेतं किनाऱ्याला लागली. मोरूचं लागलं नाही. तेव्हापासून दुपारी बंदरावर भोंगा झाला की बायजा दारात यायची, चौकटीला डोकं टेकायची, आणि बोटीची शेवटची माणसं आपापल्या घरी गेली की आत जायची. वर्षानुवर्षं तिच्या केसांचं खोबरेल लाकडात मुरलं.

चौकटीला तिने कुणाला रंग लावू दिला नाही. "मोरू अंधाराचा आला तर चाचपून दार वळखंल," ती म्हणायची. "त्याचं रूप बदलू नको."

गेल्या दिवाळीत ती वारली, तेव्हाही शेवटचं हेच बोलली. जमिनीबद्दल काही बोलली असती तर अनंताने जास्त लक्ष दिलं असतं.

"रंगवून टाका," रंगू म्हणाली. "गाव म्हनतं म्हातारी अजून दारात उभी ऱ्हाते. डाग दिसला का धर्माजीला त्येच आठवंल."

"आई नको म्हणाली होती."

"आत्याबाई व्हरांड्यात झोपल्या न्हाईत कधी."

अनंताने काळूरामला बोलावलं.

काळूराम मिठागरात राबायचा आणि उरल्या वेळात होड्या रंगवायचा. त्याच्याकडे निळा रंग उरला होता.

"तेल वर येणार नाही ना?" अनंताने विचारलं.

"अनंतादादा, ह्या रंगानं दर्या होडीत शिरत न्हाय. म्हातारीचं तेल काय भायेर येतंय."

शनिवारी सकाळी चौकट निळी झाली. दुपारी तिघं ओटीवर चहा पीत बसले. बंदरावर भोंगा झाला.

तिघं रस्त्याकडे बघू लागले.

रस्त्याने बोटीची माणसं गेली. काळूराम कप ठेवायला उठला, आणि वाकलेलाच राहिला...

डाग वर आला होता. तळहाताएवढा. त्याच जागी.

"तेलच हाय," काळूराम म्हणाला. "उन्हानं वर आलं."

सगळ्यांना पटलं. सोमवार तोंडावर आला की बरंच काही पटतं.

रविवारी सकाळी काळूरामने डावी बाजू काचेने खरवडली, सोड्याने धुतली, आणि सगळ्या चौकटीवर पुन्हा रंगाचा हात फिरवला.

भोंगा झाला.

या वेळी तिघं दाराकडेच बघत होते. माणसं गेली. रस्ता रिकामा झाला. डावी बाजू स्वच्छ.

रंगूने श्वास सोडला. मग तिने अनंताचं मनगट धरलं.

"अवो... हिकडं."

उजवी बाजू. ओल्या रंगात चार बोटांचे ओरखडे. वरून खाली, थांबत थांबत... चाचपल्यासारखे. उंची पुरुषाची. ओरखड्यांत पाणी साचलेलं.

मिठागरातल्या माणसाला पाणी दिसलं की चाखून बघायची खोड असते. काळूरामने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मग तो बराच वेळ थुंकत राहिला.

"घाम असेल," अनंता म्हणाला.

"दर्या हाय."

पाणी ओघळून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आत एक थेंब नव्हता. उंबऱ्यापासून थेंबांची ओळ पायऱ्या उतरली होती, अंगण ओलांडून पुन्हा बंदराच्या रस्त्याला लागली होती...

"भावजी आले आन् परत गेले," रंगू हळूच म्हणाली. "त्यांना वाटलं, दुसऱ्याचं घर."

काळूराम ब्रश तिथेच टाकून गेला.

तिन्हीसांजेला डावा डाग परत आला. आता तो तळहाताएवढा नव्हता. कपाळाच्या उंचीवरून निघून... थेट उंबऱ्यापर्यंत ओघळला होता.

अनंताने कंदील लावला आणि काच घेऊन सगळी चौकट खरवडायला बसला. रंगूने त्याला थांबवलं नाही. पोटावर हात ठेवून ती कंदील धरून उभी राहिली. उजाडेपर्यंत उघडं लाकूड दिसू लागलं. बोटं सोलून निघाली.

सोमवारी दुपारी भोंगा झाला तेव्हा अनंता दारात उभा होता. कुणी आलं नाही. डागही आला नाही. चौकट कोरडी ठाक.

त्यानंतर धर्माजी आला. तो दारात थांबलाच नाही. घराला वळसा घालून मागे गेला, विहिरीत कळशी सोडली आणि ओंजळभर पाणी चाखलं.

"गोडं हाय," तो म्हणाला. "घेतली."

"घर बघता ना?"

"घर पाडनार हाय. मला हीर पायजे. मिठागरावर मानसांना प्यायला पानी न्हाय." मग अनंताची बोटं बघून म्हणाला, "दारंखिडक्या न्या की तुमच्या तुम्ही."

ती चौकट रेवसला बोटीत घालून मुंबईला न्यायची, हे अनंताच्या तोंडून निघेना.

खोली मिळाली. मुलगी झाली. रंगूने ते दार पुन्हा कधी बोलण्यात आणलं नाही. अनंता मात्र अजून, दुपारी गिरणीचा भोंगा झाला की उठून खोलीचं दार उघडतो, आणि थोडा वेळ उघडंच ठेवतो.

धर्माजीने पावसाआधी घर पाडलं. चौकट मजुरांच्या चहाखाली जळणात गेली. साग जुना होता. चांगला जळला.